प्रक्रिया क्रमांक एक : पडद्यामागच्या कामांचा इतिहास

शाळेच्या संगणक कक्षातला एखादा संगणक सुरू करावा आणि त्याला हात न लावता पाच मिनिटे तसाच ठेवावा. पडद्यावर काही हालचाल दिसत नाही. आत मात्र बरीच कामे चालू असतात. एक आज्ञावली घड्याळाची वेळ जुळवत असते, दुसरी छपाईसाठी काही आले का हे पाहत असते, तिसरी जाळ्यावरून कोणी हाक मारते का याकडे कान देऊन बसलेली असते, तर चौथी या सगळ्यांच्या नोंदी लिहीत असते. यांपैकी एकही काम आपण सुरू केलेले नाही. मग ती कोणी सुरू केली? कोणत्या क्रमाने? आणि त्यांतले एखादे मध्येच बंद पडले, तर ते पुन्हा कोण सुरू करणार?

युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीत आणि तिच्या वंशातल्या प्रणालींत या तीन प्रश्नांची उत्तरे गेली पन्नासहून अधिक वर्षे शोधली जात आहेत. प्रश्न तांत्रिक वाटतात, पण त्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. यंत्र आपोआप काहीच सुरू करत नाही. काय सुरू करायचे याची यादी कोणीतरी माणसाने लिहिलेली असते. ती यादी वाचता येते, तपासता येते आणि बदलता येते. हे विद्यार्थ्यांना कळले तर संगणकाभोवतीचे गूढतेचे वलय पुष्कळसे विरते, असे आम्हांला वाटते.

मॅक्सवेलच्या कल्पनेतून आलेले नाव

पडद्यामागे राहून काम करणाऱ्या या प्रक्रियांना युनिक्सच्या परिभाषेत डीमन म्हणतात. या नावाचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक काल्पनिक प्रयोग मांडला. वायूने भरलेल्या पेटीचे दोन कप्पे, मध्ये एक छोटे दार आणि त्या दाराशी बसलेला एक सूक्ष्म जीव. तो वेगवान रेणूंना एका बाजूला जाऊ देतो आणि संथ रेणूंना दुसऱ्या. असे झाले तर बाहेरून काही कार्य न करता एक कप्पा तापेल व दुसरा थंड होईल. या जीवाला पुढे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन यांनी 'डीमन' हे नाव दिले.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांचा गट आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करत होता. कोणी न सांगता सतत खपणाऱ्या आज्ञावलींना या गटाने मॅक्सवेलच्या त्या दारवानाचे नाव दिले. फायलींच्या प्रती आपणहून चुंबकीय फितीवर उतरवून ठेवणारी आज्ञावली ही त्यांतली पहिली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान असा नाही. देव आणि माणूस यांच्या मधला, चांगले-वाईट काहीच नसलेला जीव असा आहे. आपल्या वाचकांनी त्याला पडद्यामागचा चाकर म्हटले तरी चालेल.

जन्म, मृत्यू आणि अनाथ

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. या प्रणालीतला एक नियम अतिशय देखणा आहे. प्रत्येक प्रक्रिया दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेच्या पोटीच जन्माला येते. मूळ प्रक्रिया स्वतःची प्रत काढते आणि ती प्रत नवे काम हाती घेते. त्यामुळे संगणकातल्या सर्व प्रक्रियांची वंशावळ काढता येते.

पण वंशावळीला मूळपुरुष हवा. तो जागा करण्याचे काम प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. यंत्र सुरू झाले की कर्नल स्वतः एक प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक एक आणि नाव इनिट. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही इनिटचे वर्णन आहे. पुढची सारी प्रजा इनिटचीच.

इनिटवर आणखी एक जबाबदारी आहे. एखादी पालक प्रक्रिया आधी संपली आणि तिची अपत्ये मागे राहिली, तर ती अनाथ होतात. अशा अनाथांना इनिट दत्तक घेते. शिवाय संपलेल्या प्रक्रियेची नोंद पालकाने मिटवली नाही, तर ती नोंद तशीच पडून राहते. तिला झोंबी म्हणतात. दत्तक घेतलेल्या प्रक्रिया संपल्या की त्यांच्या नोंदी मिटवणे हेही इनिटचे काम. डीमन लिहिणारे लोक या नियमाचा मुद्दाम उपयोग करून घेत. डीमनला जन्म देणारी प्रक्रिया लगेच संपून जाई, डीमन अनाथ होई आणि इनिटच्या आश्रयाने निवांत काम करत राही. ही युक्ती चतुर होती. तिचा त्रास कसा झाला ते पुढे येईलच.

कोणते डीमन सुरू करायचे ते त्या काळी 'आरसी' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असे. इनिट ती फाइल वरून खाली वाचून घेई. फाइल पानभराची. यंत्र सांभाळणारा माणूस ती चहा पिता पिता वाचून समजून घेऊ शकत असे.

रात्रीची टपाल

१९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत दोन चाकर होते. एकाचे नाव क्रॉन. त्याच्या वहीत प्रत्येक ओळीला आधी पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यापुढे करायचे काम. पहिल्या दोन रकान्यांत ३० आणि २३ लिहून उरलेल्या तिन्हींत ताऱ्याची खूण केली, की ते काम रोज रात्री साडेअकराला होणार. क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन ही वही पाही.

दुसरी होती यूयूसीपी ही निरोपांची देवाणघेवाण करणारी व्यवस्था. लिहिलेले पत्र लगेच जात नसे. ते एका रांगेत थांबे. ठरल्या वेळी पडद्यामागची आज्ञावली मोडेमवरून दुसऱ्या संगणकाला दूरध्वनी लावी, रांगेतली पत्रे देई आणि तिकडची घेई. दूरध्वनीचे रात्रीचे दर स्वस्त असत, म्हणून अशी कामे बहुधा रात्री नेमून देत.

आपल्या देशातली संगणकी टपाल याच रीतीने सुरू झाली, आणि तिचा आरंभ मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका विभागातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र वेगळे झाले. एनसीएसटी या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र पुढे जुहूला होते. डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्याचे संचालक. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ईआरनेट हा शिक्षण व संशोधनासाठीच्या जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग असे आठ भागीदार होते. १९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली. पुढे देशाबाहेर जाणारी ईआरनेटची टपाल याच केंद्रातून अमेरिकेतल्या यूयूनेटकडे जाऊ लागली. या कामाबद्दल डॉ. रमणी यांची २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये निवड झाली.

या व्यवस्थेत आरसी फायलीचे महत्त्व केवढे होते हे एका साध्या विचाराने कळते. समजा, रात्री वीज गेली आणि परत आली. यंत्र पुन्हा सुरू झाले, पण क्रॉन सुरू करण्याची ओळच यादीत राहून गेली. पडद्यावर कोणतीही चूक दिसणार नाही. पत्रे लिहिणारे लिहीत राहतील, रांग वाढत जाईल आणि दूरध्वनी कोणीच लावणार नाही. पडद्यामागचा चाकर गैरहजर असला तर तो ओरडून सांगत नाही. ही या विषयातली खरी अडचण आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली. तेव्हा 'शेल' खाते घेतलेले लोक मोडेमवरून थेट एका युनिक्स यंत्रात शिरत. काळ्या पडद्यावर पत्रे वाचणाऱ्या त्या पिढीला आपण युनिक्स वापरतो आहोत याची पुष्कळदा कल्पनाही नसे.

गिरणी आधी कुठून सुरू करावी?

डीमनांची संख्या वाढली तशी एका पानाची यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये एटी अँड टी कंपनीने युनिक्सची 'सिस्टिम फाइव्ह' ही आवृत्ती आणली. तिच्यात इनिटटॅब नावाच्या फायलीचा मोठा वापर होता. तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी विसर्गचिन्हाने वेगळ्या केलेल्या असत : ओळीची खूण, कोणत्या पातळीवर चालवायचे, कसे चालवायचे आणि काय चालवायचे. 'कसे' या रकान्यात 'रिस्पॉन' असे लिहिले की ते काम बंद पडताच इनिट ते पुन्हा सुरू करी.

पातळी ही कल्पना नवी होती. शून्य म्हणजे यंत्र बंद करणे, एक म्हणजे फक्त दुरुस्तीपुरते चालू, दोन-तीन म्हणजे अनेकांच्या वापरासाठी चालू, सहा म्हणजे पुन्हा सुरू करणे. प्रत्येक पातळीसाठी एक कप्पा आणि त्यात छोट्या छोट्या फायली. सुरू करायच्या फायलीचे नाव 'एस'ने आणि बंद करायच्या फायलीचे 'के'ने सुरू होई. त्यापुढे दोन अंकी क्रमांक. त्या क्रमांकांच्या क्रमाने कामे होत.

क्रम का महत्त्वाचा, हे गोंदियाच्या मुलांना सांगावे लागू नये. गोंदिया परिसर भाताच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो. शहराला लागून असलेल्या कुडव्यातल्या विद्यार्थ्याला धानाची भरडाई ठाऊक असते. धान आधी चाळणीत जाते, मग टरफल काढणाऱ्या शेलरमध्ये आणि मग पॉलिशरमध्ये. पण यंत्रे सुरू करण्याचा क्रम याच्या उलट ठेवतात. शेवटचे यंत्र आधी सुरू करायचे. नाहीतर मागून आलेला माल पुढे तुंबतो. बंद करताना मात्र आधी धान टाकणे थांबवायचे आणि मग एकेक यंत्र पुढच्या दिशेने बंद करत जायचे. म्हणजे जे सर्वांत शेवटी सुरू झाले ते सर्वांत आधी थांबते. 'एस' आणि 'के' यांच्या क्रमांकांमागे हाच विचार होता. नोंदी लिहिणारा चाकर इतरांच्या आधी उठायला हवा आणि सर्वांच्या नंतर झोपायला हवा.

लिनक्ससाठी ही इनिट नव्याने लिहिण्याचे काम नेदरलँड्सच्या मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केले. पुढची जवळजवळ वीस वर्षे बहुतेक लिनक्स यंत्रे तिच्यावर उभी होती.

उघडी राहिलेली दारे

दरम्यान बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युनिक्सची दुसरी शाखा वाढत होती. तिच्या १९८६ च्या आवृत्तीत इनेटडी हा चाकर आला. दहा सेवांसाठी दहा डीमन जागे ठेवण्याऐवजी हा एकटाच सर्व दारांवर बसे. एखाद्या दारावर थाप पडली की त्या कामाच्या आज्ञावलीला उठवी. स्मरणशक्ती महाग असलेल्या काळात ही मोठी बचत होती.

परंतु दार राखणारा प्रामाणिक असला तरी दारामागचा माणूस दुबळा असू शकतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली जाळ्यावर वेगाने पसरली. एका यंत्रातून दुसऱ्यात जाण्यासाठी तिने ज्या वाटा वापरल्या, त्यांत फिंगर आणि सेंडमेल हे दोन पडद्यामागचे चाकर होते. फिंगरचे काम एवढेच, की यंत्रावर कोण बसले आहे ते विचारणाऱ्याला सांगणे. सुमारे सहा हजार यंत्रे सापडली असा त्या वेळचा अंदाज आहे. यादीत काय सुरू होते हे कोणी वाचत नसेल, तर नको असलेली दारेही उघडी राहतात, हा धडा त्या दिवशी मिळाला.

क्रमांकांचा घोळ

जुन्या व्यवस्थेच्या मर्यादा २००० नंतर जाचू लागल्या. कामे एकामागून एक सुरू होत. एक रेंगाळले की मागची सगळी ताटकळत. यूएसबीवर केव्हाही काहीही जोडले जाऊ लागले आणि ठरीव क्रमाला अर्थ उरेना.

सर्वांत नाजूक अडचण मात्र त्या अनाथ होण्याच्या युक्तीतून आली. डीमन जन्मदात्या प्रक्रियेपासून तुटलेला असल्याने तो कोणाचा, हे सांगता येत नसे. म्हणून तो आपला क्रमांक एका फायलीत लिहून ठेवी. आता समजा, डीमन मेला पण फाइल राहिली. लिनक्समध्ये हे क्रमांक साधारणतः ३२,७६८ च्या मर्यादेत फिरत असत. संपले की पुन्हा वापरात येत. मेलेल्या डीमनचा क्रमांक काही काळाने भलत्याच प्रक्रियेला मिळे. मग डीमनला थांबवण्याची आज्ञा दिली की बळी जाई तो निरपराध प्रक्रियेचा.

नवे कारभारी आणि नवा वाद

उपाय अनेकांनी शोधले. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या नेटबीएसडीच्या १.५ या आवृत्तीत क्रमांक काढून टाकले गेले. प्रत्येक सेवा आपल्याला आधी काय हवे ते लिही आणि त्यावरून संगणकच क्रम लावी. २००५ मध्ये सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये आणि ॲपलच्या टायगर या प्रणालीत नव्या व्यवस्था आल्या. २००६ मध्ये उबुंटूने अपस्टार्ट आणले. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टिमडीची कल्पना जाहीर केली. काय सीव्हर्स हे त्यांचे सहकारी.

सिस्टिमडीने दोन युक्त्या एकत्र आणल्या. पहिली ॲपलच्या व्यवस्थेतून घेतलेली : सर्व सेवांची दारे आधी उघडून ठेवायची आणि मग सेवा एकदम सुरू करायच्या. गावात टपालपेटी आधी लावली तर पोस्टमन उशिरा आला तरी पत्र हरवत नाही, तसेच हे. दुसरी युक्ती कर्नलमधली. पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी गूगलमध्ये २००६ पासून विकसित केलेली प्रक्रियांच्या गटांची सोय २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. सहलीला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात शाळेचे ओळखपत्र असावे, तसा प्रत्येक सेवेला गट मिळाला. प्रक्रिया कितीही वेळा अनाथ झाली तरी ती कोणत्या सेवेची हे आता लपत नाही. वर सांगितलेला क्रमांकांचा घोळ येथे संपला.

तरीही वाद पेटला. पूर्वी आरसी फाइल म्हणजे पानभर वाचनीय मजकूर होता. आता प्रक्रिया क्रमांक एक ही फार मोठी आज्ञावली झाली. नोंदीही साध्या मजकुरात न राहता वेगळ्या साच्यात गेल्या. एका आज्ञावलीने एकच काम नीट करावे, ही युनिक्सची परंपरा मोडली, असे विरोधकांचे म्हणणे. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. काही जणांनी वेगळे होऊन डेव्हुआन हा पंथ काढला.

मार्च २०२४ मध्ये या वादाला एक गंभीर उदाहरण मिळाले. एक्सझेड या दाबून साठवण करणाऱ्या ग्रंथालयात कोणीतरी गुपचूप चोरवाट घातली होती. दूरवरून प्रवेश देणाऱ्या डीमनचा तिच्याशी मुळात संबंध नव्हता. पण 'मी तयार आहे' हे सिस्टिमडीला कळवता यावे म्हणून काही वितरणांनी त्या डीमनला सिस्टिमडीचे ग्रंथालय जोडले होते, आणि त्या ग्रंथालयामागून एक्सझेड आत येत होते. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला आणि २९ मार्च रोजी ती चोरवाट उघडकीस आली. बहुतेक यंत्रांपर्यंत ती पोचण्यापूर्वीच हे घडले. यादी वाचता येत होती, म्हणूनच हे शक्य झाले, हे विसरू नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा इतिहास आपल्यापासून दूर नाही. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टिमडी नाही, पण लिनक्सचा गाभा आहे. तेथेही पहिल्या प्रक्रियेचे नाव इनिट, आणि काय सुरू करायचे ते सांगणाऱ्या फायलीच्या नावात आरसी ही जुनी अक्षरे आजही आहेत.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर टर्मिनलच्या खिडकीत रोमन लिपीत, सलग 'पीएसट्री' ही आज्ञा लिहावी. सारी वंशावळ पडद्यावर उमटते. मुळाशी कोण आहे ते विद्यार्थ्यांनी शोधावे, आणि कोणत्या तीन चाकरांचे काम आपल्याला ठाऊक नाही त्यांची नावे वहीत लिहावीत.

संगणक नसला तरी एक पाठ घेता येतो. शाळेच्या सकाळची कामे फळ्यावर लिहा : कुलूप उघडणे, घंटा, परिपाठ, हजेरी, पहिला तास, पोषण आहार शिजवणे. आता दोन प्रकारचे बाण काढा. परिपाठ पहिल्या तासाच्या आधी असतो, पण पावसामुळे परिपाठ झाला नाही तरी तास होतो. हा नुसत्या क्रमाचा बाण. हजेरीचा आकडा कळल्याशिवाय किती तांदूळ घ्यायचे हे ठरत नाही. हा गरजेचा बाण. सिस्टिमडीतही 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' असे दोन वेगळे शब्द आहेत, ते याच फरकासाठी. मग विद्यार्थ्यांना विचारा : कोणती कामे एकाच वेळी सुरू करता येतील? आणि दोन कामे एकमेकांची वाट पाहत बसली तर काय होईल?

या शेवटच्या प्रश्नावर मुले थोडी थांबतील. अशी यादी कोणत्याही क्रमाने लावता येत नाही, हे त्यांनी स्वतः सांगू द्यावे.